गंधक, वारा आणि माहूल

मुंबईच्या पूर्व काठावर, ट्रॉम्बेच्या डोंगराच्या पश्चिम पायथ्याशी, माहूलच्या चिखलपट्ट्यांना लागून असलेल्या जमिनीवर १९५४ आणि १९५५ या लागोपाठच्या वर्षांत दोन तेल शुद्धीकरण कारखाने सुरू झाले. पहिला अमेरिकन स्टँडर्ड व्हॅक्यूम कंपनीचा, जो पुढे एस्सो या नावाने ओळखला गेला, दुसरा बर्मा-शेलचा. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आसाममधील दिग्बोईचा, १९०१ साली सुरू झालेला, एकच जुना कारखाना राहिला होता आणि पेट्रोल, रॉकेल, डिझेल हे पदार्थ बव्हंशी तयार स्थितीतच आयात करावे लागत, त्यामुळे १९५१ साली केंद्र सरकारने या परदेशी कंपन्यांशी करार करून शुद्धीकरण देशातच व्हावे अशी तजवीज केली. १९७४ ते १९७७ या काळातील राष्ट्रीयीकरणातून या कारखान्यांचे आजचे रूप, म्हणजे हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम, घडले. या सत्तर वर्षांत त्यांच्या प्रदूषणाचे नेमके काय झाले हे समजून घ्यायचे असेल, तर एका मूलद्रव्याचा माग काढणे सर्वांत फलदायी ठरते, आणि ते मूलद्रव्य म्हणजे गंधक.

जागेची निवड समुद्राने केली होती असे म्हणता येईल. तेलवाहू जहाजांना लागणारे खोल पाणी, पीर पाव येथील धक्का, बुचर बेटावर, म्हणजे आजच्या जवाहर द्वीपावर, उभारलेले तेलाचे बंदर आणि तेथून समुद्रतळावरून माहूलपर्यंत आणता येणाऱ्या नळवाहिन्या या सोयी पश्चिम किनाऱ्यावर अन्यत्र एकत्र मिळणे कठीण होते. शहर तेव्हा दूर वाटत असे. तथापि ती जागा रिकामी नव्हती: माहूल आणि ट्रॉम्बे येथील कोळीवाडे कारखान्यांच्या कितीतरी आधीचे होते, आणि चेंबूरला फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची वसाहत नुकतीच वसली होती. पुढच्या दहा-बारा वर्षांत याच परिसरात औष्णिक वीजकेंद्र आले, खताचा कारखाना आला, आणि प्रत्येक नव्या धुराड्याचा विचार स्वतंत्रपणे झाला; सगळ्यांची बेरीज किती होते हे विचारण्याची जबाबदारी त्या काळी कोणत्याही एका खात्यावर नव्हती.

कच्च्या खनिज तेलात गंधक सेंद्रिय संयुगांच्या रूपाने मिसळलेला असतो. इराणच्या आखाताकडून येणाऱ्या तेलात त्याचे प्रमाण साधारणतः दीड ते तीन टक्के असते. हे प्रमाण किरकोळ वाटते, परंतु बर्मा-शेलच्या कारखान्याची आरंभीची क्षमता वर्षाला सुमारे २२ लाख टन होती, आणि दोन टक्क्यांचा हिशेब धरला तरी तेवढ्या तेलातून वर्षाकाठी ४४ हजार टन गंधक त्या आवारात येऊ शकत होता. भट्टीत तापवून तेलाचे घटक त्यांच्या उत्कलनबिंदूनुसार वेगळे केले जातात, तेव्हा गंधकही वाटला जातो: थोडा भाग हायड्रोजन सल्फाइड या विषारी, कुजक्या वासाच्या वायूत जातो, काही डिझेलमध्ये उतरतो, आणि सर्वांत मोठा भाग तळाशी उरणाऱ्या जड भट्टी-तेलात साठतो. हे भट्टी-तेल कारखान्याच्या स्वतःच्या भट्ट्यांत आणि शहरातील गिरण्यांच्या बॉयलरमध्ये जळत असे. जळताना गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो, ज्याचे वजन मूळ गंधकाच्या दुप्पट भरते. कारखान्यात आलेला गंधक या ना त्या वाटेने अखेरीस मुंबईच्या, किंवा जेथे ते इंधन जळे तेथील, हवेतच जात होता.

तेव्हाचा कायदा याकडे पाहूच शकत नव्हता. मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्धचा कायदा १९१२ सालापासून होता, परंतु त्याचा रोख गिरण्यांच्या काळ्या धुरावर, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या काजळीवर होता. सल्फर डायऑक्साइड रंगहीन असल्यामुळे धुराडे स्वच्छ दिसत असतानाही तो भरपूर बाहेर पडू शकतो. अभियांत्रिकीचे त्या काळचे उत्तर उंच धुराड्याचे होते. वायू जितक्या उंचीवर सोडावा तितका तो अधिक पसरून विरळ होईल, हा तर्क चुकीचा नसला तरी अपुरा होता, कारण त्यामुळे जमिनीलगतचे प्रमाण घटते, एकूण उत्सर्जन मात्र तेवढेच राहते. शिवाय मुंबईच्या हिवाळ्यात, रात्री जमीन थंड झाल्यावर, खालची हवा गार आणि तिच्यावरची हवा उबदार अशी उलटी रचना तयार होते, जिला तापमान-व्युत्क्रम म्हणतात. अशा वेळी वायू वर जाऊ शकत नाहीत आणि डोंगर व खाडी यांच्यामध्ये पहाटेपर्यंत कोंडून राहतात. चेंबूरला ‘गॅस चेंबर’ हे नाव पडले, ते याच अनुभवातून.

या अनुभवाला वैद्यकीय पुरावा मिळाला तो सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात. परळच्या केईएम रुग्णालयातील छातीविकार विभागाचे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांचे सहकारी यांनी लालबाग, चेंबूर, खार आणि तुलनेसाठी एक ग्रामीण भाग येथील रहिवाशांची श्वसनविषयक पाहणी केली, तेव्हा अधिक प्रदूषित वस्त्यांत खोकला व धाप यांच्या तक्रारी अधिक असल्याचे दिसून आले. भारतीय शहरातील हवेचा संबंध प्रत्यक्ष माणसांच्या फुप्फुसांशी जोडणाऱ्या आरंभीच्या संशोधनांत या कामाची गणना करावी लागते, आणि ते एका सार्वजनिक रुग्णालयाने केले याचे मोल मोठे आहे.

कायद्याचे लक्ष मात्र आधी पाण्याकडे वळले होते: जलप्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्राने केंद्राच्याही आधी, १९६९ साली, कायदा केला आणि १९७० मध्ये राज्य प्रदूषण मंडळ स्थापन झाले. कारखान्याच्या सांडपाण्यावर तरंगणारे तेल संथ वाहत्या टाक्यांत वेगळे करणे, बारीक बुडबुड्यांनी उरलेले थेंब वर आणणे आणि शेवटी विरघळलेली द्रव्ये जिवाणूंकडून खाऊन टाकवणे, हे तंत्र फारसे गुंतागुंतीचे नव्हते, आणि काढलेले तेल पुन्हा वापरता येत असल्यामुळे त्यात कारखान्याचाही लाभ होता. सांडपाण्यातील तेलाची मर्यादा आधी लिटरमागे १० मिलिग्रॅम होती, ती २००८ साली ५ वर आणली गेली. हवेसाठीचा केंद्रीय कायदा मात्र १९८१ पर्यंत आला नाही.

त्या मधल्या काळात मुंबईच्या हवेला सर्वांत मोठा दिलासा मिळाला तो कोणत्याही नियमामुळे नव्हे. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या खोदकाम-मंचाने मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात तेल शोधले, १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झाले, आणि बॉम्बे हायचे हे तेल निसर्गतःच गोडे निघाले. तेल-उद्योगात कमी गंधकाच्या तेलाला गोडे म्हणतात, आणि आखाती तेलाच्या मानाने यातील गंधक सुमारे दशांश होता. त्याच्याबरोबर आलेला नैसर्गिक वायू उरणमार्गे ट्रॉम्बेला पोहोचला आणि वीजकेंद्रातील व खत कारखान्यातील भट्टी-तेलाची जागा हळूहळू घेऊ लागला. भूगर्भाच्या या कृपेला नंतरच्या काळात पर्यावरण-धोरणाच्या यशात धरले गेले आहे, आणि तसे धरणे योग्य नाही: ज्या शहराची हवा तेलाच्या खाणीवर अवलंबून असते, त्याची हवा ती खाण आटताच आणि आखाती तेल परतताच पुन्हा बिघडू शकते.

नियमांनी काय साधता येते, हे त्याच दशकात उत्तर प्रदेशात दिसत होते. मथुरेला तेल शुद्धीकरण कारखाना उभारण्याचे ठरताच आग्र्याच्या ताजमहालाच्या संगमरवराचे काय होईल असा प्रश्न देशात आणि परदेशात विचारला गेला, आणि १९७४ साली डॉ. एस. वरदराजन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली गेली. समितीने वाऱ्याच्या दिशा अभ्यासल्या, कारखान्याचे उत्सर्जन बांधून घालण्याची शिफारस केली आणि आग्र्यातील कोळशावर चालणारी वीजकेंद्रे बंद करण्याचेही सुचवले. म्हणजे १९८२ मध्ये मथुरेचा कारखाना सुरू होण्याआधीच संपूर्ण परिसराची बेरीज मांडली गेली होती. पुढे ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ताजभोवतीच्या सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरच्या क्षेत्रातील कोळसा जाळणाऱ्या उद्योगांना वायूकडे वळण्याचा किंवा स्थलांतराचा आदेश दिला. ताजमहाल वाचवला पाहिजे याबद्दल दुमत नाही. परंतु जी बेरीज संगमरवरासाठी कारखान्याच्या आधी झाली, ती माहूलच्या कोळ्यांसाठी आणि चेंबूरच्या निर्वासितांसाठी कारखान्यानंतरही अनेक दशके झाली नाही, ही गोष्ट या इतिहासातील सर्वांत क्लेशकारक तुलना आहे.

गंधक हवेत न सोडता पकडण्याचे तंत्र फार जुने आहे. कार्ल फ्रीड्रिख क्लाउस या रसायनतज्ज्ञाने १८८३ साली इंग्लंडमध्ये, सोडा कारखान्यांच्या टाकाऊ पदार्थांतून गंधक परत मिळवण्यासाठी, या पद्धतीचे पेटंट घेतले आणि तीच पुढे सुधारित रूपात तेल-उद्योगाने स्वीकारली. तिच्यात हायड्रोजन सल्फाइडचा एक तृतीयांश भाग जाळून सल्फर डायऑक्साइड बनवतात आणि तो उरलेल्या दोन तृतीयांश भागाशी उत्प्रेरकावर, म्हणजे स्वतः न खपता क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थावर, भिडवतात. त्यातून पाणी आणि शुद्ध पिवळा गंधक मिळतो. साध्या संयंत्रात पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास गंधक हाती लागतो आणि शेवटच्या वायूवर आणखी एक प्रक्रिया केल्यास ९९.९ टक्क्यांपर्यंत जाता येते. असे असूनही या तंत्राचा पूर्ण वापर ज्याने अटळ केला, तो दबाव धुराड्यांच्या बाजूने आला नाही, तर रस्त्यावरून आला.

नव्वदच्या दशकात वाहनांच्या धुराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात याचिका चालू होत्या, आणि इंधनाचे मानक टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. १९९६ पूर्वी डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे, म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार भाग. ही मर्यादा महानगरांत आधी आणि देशभर नंतर अशी उतरत गेली. एप्रिल २०१७ मध्ये ती सर्वत्र ५० भागांवर आणि एप्रिल २०२० मध्ये, भारत स्टेज सहा या मानकानुसार, १० भागांवर आली. हे गाठण्यासाठी प्रत्येक कारखान्याला तेलावर उच्च दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करणारी संयंत्रे बसवावी लागली, ज्यांत गंधक हायड्रोजन सल्फाइडच्या रूपाने तेलापासून सुटतो आणि क्लाउस संयंत्राकडे जातो. अशा रीतीने, हवेत जाणारा गंधक अखेर ढिगाने विकण्याजोगा माल झाला.

इतके झाल्यावर माहूलची हवा सुधारली असे मानण्याचा मोह होतो, परंतु गंधकावर लक्ष खिळले असताना दुसरे एक द्रव्य मोजमापाबाहेर राहिले. पेट्रोल, नॅफ्था आणि इतर हलक्या द्रवांपासून साध्या तापमानालाही वाफा निघतात. टाक्यांच्या झाकणांच्या फटी, व्हॉल्व्ह, पंपांचे सांधे, टँकर भरण्याच्या जागा अशा हजारो ठिकाणांहून त्या झिरपतात, आणि त्यांत कर्करोगकारक बेंझीनही असते. धुराड्याला एक तोंड असते, वाफांना तसे नसते, म्हणून त्या मोजणे आणि त्यांची जबाबदारी ठरवणे दोन्ही कठीण जाते. द्रवावर तरंगणारी छपरे, भरताना निघणारी वाफ परत खेचणारी यंत्रणा आणि प्रत्येक सांधा ठरावीक काळाने तपासण्याची शिस्त हे उपाय ज्ञात होते. भारताने बेंझीनची वार्षिक मर्यादा, घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, २००९ साली ठरवली.

माहूल आणि आंबापाडा येथील रहिवाशांनी या वाफांविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१५ मध्ये त्यांची तक्रार ग्राह्य धरली आणि ऑगस्ट २०२० मध्ये दोन तेल कंपन्या व रसायन साठवणाऱ्या दोन कंपन्या यांच्यावर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई आकारली. दरम्यान, याच कारखान्यांच्या शेजारी बांधलेल्या वसाहतीत तानसा जलवाहिनीच्या कडेवरून हटवलेली कुटुंबे आणली जात होती. तेथील हवेचा प्रश्न उच्च न्यायालयात गेल्यावर सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने जी कुटुंबे तेथे जाण्यास तयार नव्हती त्यांना महिन्याला १५ हजार रुपये भाडे देण्यास सांगितले. ज्या जागी राहण्यापेक्षा बाहेरचे भाडे सार्वजनिक पैशातून भरणे न्याय्य ठरते, त्या जागेबद्दल नगररचनाकारांनी १९५१ सालीच विचार करायला हवा होता, आणि ही कुटुंबे तेथे हलवली जात असताना, २०१७ साली, तो करण्यात तर कोणतीच अडचण नव्हती.

गंधक काढण्यासाठी लागणारा हायड्रोजनही फुकट येत नाही. तो बहुतांशी नैसर्गिक वायूवर वाफेची क्रिया करून बनवला जातो, आणि एक टन हायड्रोजन बनवताना नऊ ते दहा टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्याला वास नाही, त्याने खोकला येत नाही, चेंबूरमध्ये तो कोणाला जाणवत नाही. आणि १९१२ च्या कायद्याला जसा सल्फर डायऑक्साइड दिसत नव्हता, तसा रस्त्यावरच्या डिझेलचे मानक ठरवणाऱ्या नियमाला हा वायू दिसत नाही. तो पकडून ठेवणारी किंवा वीज वापरून पाण्यातून हायड्रोजन काढणारी संयंत्रे आता तेल कंपन्यांच्या योजनांत आली आहेत, आणि ती उभारण्यासाठी जागा, गोडे पाणी व स्वच्छ वीज यांचा शोध ज्या दाट वस्तीच्या मधोमध घ्यावा लागणार आहे, ती माहूल, चेंबूर आणि ट्रॉम्बे यांचीच आहे.