रीफ टँकमधील प्रवाळ आणि विषबाधा: फ्रॅग बसवताना कोणती काळजी घ्यावी?

घरात खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढवण्याचा छंद असेल, तर ‘फ्रॅग’ हा शब्द तुमच्या ओळखीचा असेल. फ्रॅग म्हणजे मोठ्या प्रवाळाचा कापलेला लहान तुकडा. तो सुपरग्लूने किंवा इपॉक्सी पुट्टीने प्लगवर अथवा खडकावर चिकटवतात. तुकडा सुटला किंवा जागा अपुरी पडली, की तो काढून पुन्हा बसवावा लागतो. बहुतेक वेळा यात काही बिघडत नाही. मात्र झोअँथिड गटातील जीव हाताळताना गंभीर विषबाधा होऊ शकते. तिची सुरुवात साध्या तापासारखी असते. त्यामुळे टाकीचा विषय निघाला नाही, तर डॉक्टरांच्याही ती लक्षात येणे अवघड असते. म्हणून ही माहिती घरातील सर्वांनी वाचावी.

हे विष कोणते?

झोअँथिड हे प्रवाळांचे नातलग आहेत. खडकावर चटईसारखे पसरणारे, रंगीत बटणांसारखे दिसणारे हे जीव टाकीत सहज वाढतात. त्यांच्यापैकी काहींमध्ये, विशेषतः पॅलिथोआ प्रकारात, पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत तीव्र विष असते. 1971 मध्ये हवाई बेटांवरील पॅलिथोआमधून ते प्रथम वेगळे करण्यात आले. रंग किंवा आकार पाहून कोणता जीव विषारी आहे हे घरी ओळखता येत नाही. त्यामुळे प्रत्येक झोअँथिड विषारी आहे असे धरूनच चालावे.

आपल्या पेशींच्या आवरणात सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा पंप असतो. पॅलिटॉक्सिन या पंपाला चिकटले की तो सताड उघड्या दारासारखा होतो आणि क्षारांचे संतुलन ढासळते. याचा परिणाम स्नायू, हृदय, श्वासनलिका आणि डोळे यांवर होतो.

विष शरीरात कसे जाते?

- श्वासातून: खडक उकळताना, त्यावर गरम पाणी ओतताना किंवा ब्रशने घासताना उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून.
- त्वचेतून: विशेषतः बोटांवर चीर किंवा जखम असल्यास.
- डोळ्यांतून: कापताना उडालेल्या पाण्यामुळे किंवा हात न धुता डोळे चोळल्यामुळे.

उकळल्याने हे विष नष्ट होत नाही, उलट वाफेबरोबर घरभर पसरू शकते. 2018 मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यातील स्टीव्हन्टन गावात टाकीतील प्रवाळ साफ केल्यानंतर दहा जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांत मदतीला आलेले कर्मचारीही होते. म्हणजे धोका फक्त काम करणाऱ्यालाच असतो असे नाही.

लक्षणे

लक्षणे काही मिनिटांत किंवा काही तासांनी दिसू शकतात:

- तोंडाला कडवट किंवा धातूसारखी चव येणे
- थंडी वाजून ताप, खोकला, छातीत जडपणा, धाप लागणे
- ओठ, जीभ किंवा बोटांना मुंग्या येणे, बधिरपणा
- अंगदुखी, अशक्तपणा, उलट्या
- डोळे लाल होणे, तीव्र वेदना, अंधुक दिसणे
- लघवी चहासारखी गडद होणे. हे स्नायूंना इजा झाल्याचे लक्षण असू शकते

लगेच काय करावे?

1. काम थांबवा. मुले आणि पाळीव प्राण्यांसह सर्वांनी मोकळ्या हवेत यावे. सामान आवरायला पुन्हा त्या खोलीत जाऊ नका.
2. पाणी उडालेले कपडे काढा, त्वचा साबणाने भरपूर धुवा.
3. डोळ्यांत पाणी गेले असल्यास स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान 15 ते 20 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.
4. धाप, छातीत दुखणे, चक्कर, खूप अशक्तपणा किंवा गडद लघवी असल्यास वाट न पाहता रुग्णालयात जा. महाराष्ट्रात 108 वर रुग्णवाहिका मिळते.

डॉक्टरांना काय सांगावे?

“घरी प्रवाळाची टाकी आहे आणि आज झोअँथिड हाताळले,” हे वाक्य आवर्जून सांगा. शक्य असल्यास प्रवाळाचा मोबाइलमधील फोटो दाखवा, प्रवाळ बरोबर नेऊ नका. या विषावर उतारा नाही. गरजेनुसार ऑक्सिजन, नेब्युलायझर आणि सलाइन देतात. ईसीजी, पोटॅशियम, मूत्रपिंडाचे कार्य आणि स्नायूंची इजा दाखवणारी सीपीके ही तपासणी केली जाते. वेळेवर उपचार मिळाल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात.

टाकीचा उल्लेख आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा आहे. टाकीतील पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जंतू असू शकतो. जखमेतून तो शिरला, तर काही आठवड्यांनी बोटावर किंवा हातावर न भरणारी गाठ येते. नेहमीच्या प्रतिजैविकांनी ती सहसा बरी होत नाही. हा जंतू कमी तापमानात वाढतो, म्हणून प्रयोगशाळेला तशी सूचना द्यावी लागते.

फ्रॅग बसवताना आणि पुन्हा बसवताना

- नायट्राइलचे हातमोजे, डोळे पूर्ण झाकणारा गॉगल आणि एन-95 मास्क वापरा. मास्कमुळे धोका कमी होतो, पूर्ण टळत नाही. हाताला जखम असेल तर काम पुढे ढकला.
- स्वयंपाकघरात किंवा बंद खोलीत काम करू नका. खिडक्या उघडा, मुलांना दूर ठेवा.
- जीव कापण्याऐवजी शक्यतो त्याच्या खालचा प्लग किंवा खडकाचा तुकडा वेगळा करा आणि तोच नव्या जागी चिकटवा.
- नको असलेले झोअँथिड खरवडू, जाळू किंवा उकळू नका. पूर्ण खडकच बाहेर काढा.
- फेकायचे तुकडे आणि वापरलेली हत्यारे ब्लीचच्या ताज्या द्रावणात किमान अर्धा तास बुडवून ठेवा: 5 ते 6 टक्के सोडियम हायपोक्लोराइटचा 1 भाग, पाण्याचे 10 भाग. हे टाकीबाहेर, मोकळ्या हवेत करा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा ॲसिड मिसळू नका.
- सुपरग्लूने बोटे चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू सोडवा. पापण्या चिकटल्यास स्वतः न उघडता नेत्रतज्ज्ञांकडे जा.

छंद सोडण्याची गरज नाही. मात्र टाकीत झोअँथिड आहेत हे घरातील प्रत्येकाला माहीत असू द्या. तुम्हाला बोलता येत नसेल, तेव्हा डॉक्टरांना ही माहिती त्यांनाच द्यावी लागेल.