भीतीची वाट

भय हा विकार मनुष्याच्या इतका जवळचा आहे कीं, तो शरीरांत कोठें उपजतो हें शोधून पाहण्याची बुद्धि शास्त्रज्ञांस फार उशिरां झाली, याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. कानशिलाच्या आंत, मेंदूच्या दोन्ही बाजूंस, बदामाएवढा एकेक पेशीपुंज असतो. कार्ल बुर्डाख या जर्मन शारीरज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं त्यास बदामाचेंच ग्रीक नांव दिलें : अमिग्डला. १९३७ सालीं शिकागो येथें क्लुव्हर व ब्युसी यांनीं माकडांच्या मेंदूचा कानशिलाकडील भाग काढून टाकला, तेव्हां तीं माकडें सापासहि भिईनाशीं झालीं. १९५६ सालीं वाइसक्रांट्झ यानें दाखविलें कीं, एवढा मोठा भाग नको. अमिग्डला नष्ट केली तरी पुरे.

पण भय तेथपर्यंत पोंचतें कोणत्या वाटेनें? हा प्रश्न जोसेफ लेडू यानें धसास लावला. याचा जन्म १९४९ सालीं अमेरिकेंतील लुइझियाना प्रांतीं युनिस गांवीं झाला. बाप खाटीक, गाईच्या मेंदूंत रुतलेली बंदुकीची गोळी शोधून काढणें हें या मुलाचें काम असे. असा शारीरशास्त्राचा श्रीगणेशा फार थोड्यांच्या वांट्यास येत असेल!

१९८० नंतरच्या दशकांत लेडूनें उंदरांवर प्रयोग केले. एक सूर ऐकवावयाचा व लागलीच विजेचा हलका झटका द्यावयाचा. असें कांहीं वेळां झालें म्हणजे नुसता सूर ऐकूनहि उंदीर जागच्या जागीं थिजतो. आतां नाद कानांतून थॅलॅमस या ठाण्यावर व तेथून मेंदूच्या सालीपर्यंत जातो, आणि नाद ‘ऐकूं’ येतो तो या सालीमुळें, अशी समजूत होती. लेडूनें सालीचा तो भाग नष्ट केला. तरीहि उंदीर सुरास भिण्यास शिकले! थॅलॅमसमधील नादाचें ठाणें मोडलें, तेव्हां मात्र शिकणें थांबलें. अर्थात् थॅलॅमसपासून दुसरी एखादी आडवाट फुटत असली पाहिजे. रंगद्रव्य घालून तिचा माग काढला, तों ती थेट अमिग्डलेंत जाऊन मिळाली. सालीची वाट लांबची पण चोखंदळ. ही जवळची, मात्र ढोबळ.

आमच्या वेदान्त्यांचा रज्जुसर्प येथें कोणासहि आठवेल. लेडूनेंहि रानांतील वाटसरूचें व सापासारख्या दिसणाऱ्या काटकीचें उदाहरण योजिलें आहे. फरक एवढाच कीं, वेदान्ती ज्ञानानें भ्रम जातो म्हणतात, आणि लेडू म्हणतो, ज्ञान होण्यापूर्वींच पाय मागें आलेला असतो.

या शोधास कीर्ति मिळाली ती थोडी आडवळणानें. लोक अमिग्डलेस ‘भयाचें केंद्र’ म्हणूं लागले, आणि त्यास विरोध करण्याचा प्रसंग खुद्द लेडूवरच आला. त्याचें म्हणणें असें कीं, उंदरांत आपण पाहिली ती बचावाची यंत्रणा. ‘मी भ्यालों आहें’ ही जाणीव निराळी, व ती सालीच्या व्यापारांतून उपजते. मायकेल फॅन्सेलोसारख्या शास्त्रज्ञांस हें मान्य नाहीं. वाद शब्दांचा भासतो, पण त्यांत पुष्कळांचें सुखदुःख गुंतलें आहे. चिंतेवरील औषधें प्रथम उंदरांवर पारखलीं जातात. उंदीर धीट झाला म्हणजे औषध गुणकारी ठरतें. परंतु थिजणें निराळें आणि जिवास घोर लागणें निराळें. रोग्यास हवी असते ती घोरांतून सुटका. या बाबतींत आमचा कौल लेडूकडे आहे.

एका विलक्षण रोगानें दोन्ही अमिग्डला नष्ट झालेली एक अमेरिकन स्त्री शास्त्रीय वाङ्मयांत ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनीं ओळखली जाते. साप, कोळी, भुताटकीचा वाडा, यांपैकीं कशानेंहि ती भ्याली नाहीं. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत तिला कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगावयास दिली. श्वास घेतांच ती भयानें व्याकुळ झाली, आणि तोंडावरील मुखवट्याकडे हात करूं लागली.