तळटीप १४ : खाणींचे ढिगारे

१४. खनिज दळून धातू काढल्यावर उरणारा पाणीमिश्रित बारीक गाळ म्हणजे टेलिंग. तो बांधाआड साठवतात. मात्र अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा दख्खनच्या बेसाल्टवर वसलेला, त्यामुळे येथे धातूच्या खाणी नाहीत. मूळ मजकुरातील ढिगारे दगडखाणींवरच्या माती-मुरमाचे आणि खडी क्रशरच्या भुकटीचे आहेत. त्यांचा आकार लहान असला, तरी पाणी मुरले की तेही घसरतात आणि ओढे, शेते गाळाने भरतात. ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथे २५ जानेवारी २०१९ रोजी टेलिंगचा बांध फुटून २७० माणसे दगावली. त्यानंतर २०२० मध्ये टेलिंगच्या व्यवस्थापनाचे जागतिक मानक आले. इथल्या दगडखाणीचा ढीगही ओढ्यापासून दूर, पायऱ्यापायऱ्यांनी रचावा, भोवती चर खणावा आणि दर पावसाळ्यापूर्वी तपासावा. एवढी सुरक्षितता हा खाली राहणाऱ्यांचा हक्कच आहे. — संपा.