सेवापुस्तकाची शेवटची पाने

नोकरी सोडतानाचे सोपस्कार म्हणजे कारकुनी कटकट, अशी सार्वत्रिक समजूत आहे. पदभार सोपवा, ना-देय दाखला मिळवा, सेवापुस्तकातल्या नोंदी पडताळून घ्या, अंतिम वेतन प्रमाणपत्रासाठी हेलपाटे घाला. पण अर्धशतकाच्या आत ज्या शहरात सरकारच पुनःपुन्हा बदलले, त्या भोपाळचा इतिहास पाहिला की या समजुतीचा फेरविचार करावा लागतो. रुजू होतानाचा कागद मुख्यतः धन्याच्या सोयीचा असतो आणि कार्यमुक्तीचा कागद नोकराच्या. धनीच नाहीसा झाला, तर नोकराच्या हाती हा दुसरा कागदच उरतो.

जुन्या फौजांत पहिल्या कागदाची काळजी चोख घेतली जाई. शिपायाचा चेहरा आणि घोड्याच्या खुणा लिहून घेण्याची चाल होती, कारण खोटी हजेरी लावून पगार उचलला जाईल ही धन्याची धास्ती. चाकरी सोडणाऱ्याची थकबाकी वसूल व्हायला मात्र तितका भक्कम आधार नव्हता, म्हणून शिपाई धरणे धरून बसत. दौलतराव शिंद्यांच्या छावणीत 1809 साली असलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांत अशा धरण्यांची वर्णने आहेत. पुढे तीनेक वर्षांत शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी भोपाळला वेढा घातला. त्या फौजांतल्या माणसाचा हक्क कागदापेक्षा सरदाराच्या मर्जीवर आणि खजिन्याच्या भरतीवर टिकून होता.

आता 1945 साली भोपाळ संस्थानात चिकटलेला एखादा कारकून डोळ्यांसमोर आणावा. 1 जून 1949 रोजी संस्थानाचा कारभार केंद्राकडे गेला आणि तिथे चीफ कमिशनर आला. 1952 मध्ये लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. 1 नोव्हेंबर 1956 ला भोपाळ राज्यच नव्या मध्य प्रदेशात विरून गेले. खुर्ची न बदलता त्याचे धनी बदलत गेले. नागपूरच्या सचिवालयातल्या मराठी माणसाचे नेमके उलटे झाले. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, राजधानी नागपूरहून भोपाळला हलली, आणि राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 115 नुसार, वेगळा आदेश नसेल तर, त्याची नोकरी तात्पुरती मध्य प्रदेशाकडेच राहिली. गाव सुटले, खाते सुटले नाही. ज्या भोपाळला तो आला ते तेव्हा स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाणही नव्हते, सिहोर जिल्ह्यात मोडत होते. अशा माणसाची आधीची दहा-पंधरा वर्षे नव्या लेखापालाला कशी पटणार? सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर अंकी-अक्षरी जन्मतारीख, उंची, ओळखीची खूण, आणि पुढे प्रत्येक वेतनवाढीखाली अधिकाऱ्याची सही. जुन्या फौजेतली चेहरे लिहिण्याची रीत इथे नोकराच्या बाजूने उभी राहिली. त्याच कलमाने केंद्राच्या पूर्वसंमतीशिवाय सेवाशर्ती नोकराला तोट्याच्या होतील अशा बदलू नयेत असे बंधन घातले. पण मुळात शर्ती काय होत्या हे दाखवणारी नोंद नसेल, तर हे बंधन कशावर लागू करायचे?

यावर आक्षेप असा की, कागद होते तरी भांडणे झालीच. महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ इथल्या नोकरांची एकत्रित ज्येष्ठतायादी करताना वाद पेटले. अभियंत्यांचा वाद ‘भारत सरकार विरुद्ध पी. के. रॉय’ या खटल्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1967 मध्ये निकाल लागला. मात्र तिथे पदांची बरोबरी कशावरून ठरली ते पाहावे: कामाचे स्वरूप, जबाबदारी व अधिकारक्षेत्र, किमान पात्रता आणि पगार. यांतली प्रत्येक गोष्ट जुन्या राज्याच्या दप्तरातूनच सिद्ध होणार. कागदामुळे वाद टळला नाही हे खरे, पण तो सरदाराच्या दाराशी उपाशी बसून न चालता न्यायालयात चालला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हेच सोपस्कार नोकराला अडवायचे हत्यारही होतात. एक सही राहिली म्हणून उपदान रखडते, एका नोंदीपायी निवृत्तिवेतन लटकते. ही तक्रार रास्त आहे. पण तिचा रोख सहीला लागणाऱ्या विलंबावर असायला हवा. सहीच रद्द केली, तर पुन्हा मर्जीचे राज्य येईल. 2000 साली छत्तीसगड वेगळे झाले आणि पुनर्रचना कायद्याच्या कलम 49 ने निवृत्तिवेतनाचा भार दोन्ही राज्यांत वाटला. त्यातून भोपाळमधल्या निवृत्तांची महागाई सवलत वाढवायची तर रायपूरची संमती लागू लागली आणि वाढ लांबत गेली. निवृत्तांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. ‘तुम्ही नोकरी केलीच नाही’ असे मात्र त्यांना कोणतेच सरकार म्हणू शकले नाही. निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 च्या नाकारा निकालात ठासून सांगितले. हक्क न्यायालय देते, पण तो किती वर्षांचा आणि किती रुपयांचा, हे सेवापुस्तकच सांगते. म्हणून शेवटच्या दिवशी नोंदी तपासून घेण्यात गेलेला वेळ वाया गेला असे नोकराने तरी म्हणू नये. आणि तो वेळ महिन्यांवर जाऊ न देणे, ही सरकारची जबाबदारी.