पारपटल किती वेळा तासावे?

“सर, लेसरने नंबर घालवला होता, थोडा परत आलाय. पुन्हा करता येईल का?” विरार लोकलमध्ये भेटलेल्या माजी विद्यार्थ्याने असे विचारले तर उत्तर पारपटलाच्या जाडीत शोधावे लागते.

निकटदृष्टितेत प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते. पारपटलाचा बाक कमी केला की ती मागे सरकते. १९३९च्या सुमारास जपानमध्ये सातो यांनी पारपटलाला आतून चिरा देऊन हे साधले. पण आतील पेशींचा थर दुखावल्याने पुढे अनेकांची पारपटले गढूळ झाली. रशियात १९७०च्या दशकात फ्योदोरोव्ह यांनी चिरा बाहेरून दिल्या. त्यांचाही परिणाम स्थिरावेना. अमेरिकेतील १९९४च्या अहवालात, दहा वर्षांत ४३ टक्के डोळे एक डायॉप्टर वा अधिक दूरदृष्टितेकडे सरकलेले आढळले.

मद्रासमध्ये जन्मलेले रंगास्वामी श्रीनिवासन न्यूयॉर्कजवळ आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करीत. नोव्हेंबर १९८१मध्ये सणाच्या जेवणातले उरलेसुरले टर्कीचे तुकडे त्यांनी तेथे नेऊन १९३ नॅनोमीटरच्या एक्सायमर लेसरखाली धरले. काप स्वच्छ पडला, कडा करपल्या नाहीत! हे किरण रेणूंमधील बंधच तोडतात; उष्णता शेजारी पसरत नाही. नेत्रतज्ज्ञ ट्रोकेल यांच्यासह १९८३ साली पारपटलावरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. लॅसिकमध्ये वरचा पापुद्रा उचलून खालचा भाग तासतात.

आता फळ्यावर मांडण्याजोगा हिशोब. पारपटल मध्यभागी सुमारे ५४० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या पाच-सहा पानांइतके जाड. सहा मिलिमीटर व्यासाचा भाग तासताना दर डायॉप्टरला साधारण १२ मायक्रॉन जातात. पापुद्र्याचे १२० वगळले तर उरले ४२०. उणे सहाला ७२ गेले, ३४८ राहिले. उरलेल्या दीड नंबरचे १८ सहज निघतात. पण मूळ नंबर उणे दहा असेल तर ३०० उरतात, आणि तेथे बहुतेक डॉक्टर हात आखडतात. कारण १९९८ साली जर्मन नेत्रतज्ज्ञ सायलर यांनी, लॅसिकनंतर पातळ पडलेले पारपटल फुगून पुढे आल्याचे नोंदवले.

सिलिंडरचा नंबर अधिक खोडकर. आडवे झाल्यावर डोळा किंचित फिरतो. अक्ष ३० अंशांनी चुकला तर सिलिंडर कमीच होत नाही.

माजी विद्यार्थ्याने पहिल्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या जाडीचा कागद जपला असेल, तर तो डॉक्टरांकडे न्यावा. नंबर वर्षभर स्थिर आहे का, हेही ते विचारतीलच.