काकतीची फिर्याद कोठे जाई?

बेळगावच्या उत्तरेस, पुणे-बंगलोर रस्त्यावर वसलेले काकती हे गाव इतिहासात प्रामुख्याने एका नावामुळे ओळखले जाते. कित्तूरची राणी चन्नम्मा हिचे हे माहेर. काकतीच्या देसाई घराण्यात 1778 मध्ये तिचा जन्म झाल्याचे सांगतात. परंतु या गावाचा आणखी एक इतिहास आहे, आणि तो न्यायाच्या वाटेचा आहे. येथील रयतेचा तंटा उभा राहिला की तो कोणत्या उंबरठ्यावर न्यावयाचा, या प्रश्नाचे उत्तर दोनशे वर्षांत अनेकदा बदलले.

पेशवाईत तंटा प्रथम गावातच बसे. पाटील-कुलकर्णी, वतनदार आणि बलुतेदार यांची सभा भरे, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्यासाठी निराळी इमारत लागत नसे. देसायाच्या वाड्याची ओसरी किंवा देवळाचा मंडप पुरे. या पद्धतीत दोष होतेच. पंच जमण्यास महिने लागत, आणि बलिष्ठाचे पारडे पुष्कळदा जड ठरे. पण न्याय पायी गाठता येण्याजोगा होता आणि ऐकणाऱ्यास समजण्याजोगा होता.

10 एप्रिल 1818 रोजी मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला आणि हा मुलूख कंपनीकडे गेला. कलेक्टरची कचेरी बसली धारवाडास. तेथील कलेक्टर ठॅकरे हाच कित्तूर संस्थानाचा पोलिटिकल एजंटही होता, आणि येथेच सारे बिघडले. सप्टेंबर 1824 मध्ये कित्तूरचे शिवलिंगरुद्र देसाई निपुत्रिक वारले. दत्तक घेतला होता. पण ठॅकरेने दत्तकपत्र संशयास्पद मानले आणि खजिन्यावर मोहरा लावल्या. वास्तविक दत्तक खरा की खोटा, हा शुद्ध दिवाणी प्रश्न. शास्त्री, साक्षीदार आणि कागद यांवर त्याचा निकाल लागावयाचा. परंतु ज्या सरकारास संस्थान मिळावयाचे, त्याच सरकारचा अधिकारी येथे न्यायाधीश होऊन बसला. काकतीच्या लेकीला दाद मागण्यास कचेरीच उरली नाही. 23 ऑक्टोबर रोजी कित्तूरच्या वेशीपुढे ठॅकरे मारला गेला. डिसेंबरात किल्ला पडला, आणि राणी 1829 मध्ये बैलहोंगलच्या कैदेत निवर्तली.

पुढे एल्फिन्स्टनचे 1827 चे कायदे आले, मुन्सफ नेमले गेले, आणि 1836 मध्ये बेळगाव हा धारवाडपासून वेगळा जिल्हा झाला. आता काकतीकराला सकाळी निघून तारखेस हजर राहता येऊ लागले. वरचे अपील मात्र मुंबईस. आधी सदर अदालतीत, आणि 1862 पासून हायकोर्टात. चार गुंठ्यांच्या बांधासाठी घर गहाण टाकून मुंबई गाठणारा शेतकरी हा त्या काळच्या कज्जेदलालांचा मोठा आधार होता, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि अपिलाची वाट एका दिवसात उत्तरेकडून दक्षिणेकडे वळली. बंगलोरचे हायकोर्ट 1868 मध्ये बांधून झालेल्या ज्या तांबड्या इमारतीत भरते, तिचे जुने नाव ‘अठरा कचेरी’. अठरा खात्यांसाठी बांधलेली म्हणून अठरा. नाव ऐकून मराठी माणसास परके वाटू नये! कचेरी, वकील, फिर्याद हे शब्द कानडीतही आहेत आणि मराठीतही; दोहोंनी ते फारसीच्या दरबारातून उचलले. भाषेचा वाद ज्या दाराशी सर्वांत तीव्र होतो, त्या दारावरचे शब्द मात्र सामाईक आहेत.

बंगलोरही मुंबईइतकेच लांब, सुमारे पाचशे किलोमीटर. उत्तर कर्नाटकातील वकिलांनी दीर्घकाळ चळवळ केली, तेव्हा 2008 च्या जुलैत धारवाडास हायकोर्टाचे फिरते खंडपीठ आले आणि 2013 मध्ये ते कायम झाले. म्हणजे काकतीचे अपील दोनशे वर्षांनी पुन्हा धारवाडासच जाऊ लागले. दरम्यान, हा मुलूख कोणत्या राज्याचा, हा प्रश्नही महाराष्ट्राने 2004 मध्ये दाव्याच्याच रूपाने दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापुढे नेला.

बेळगावच्या जिल्हा न्यायालयाकडे आज काकतीहून येणारा पक्षकार ज्या चौकात पोचतो, त्या चौकाला राणी चन्नम्माचे नाव आहे. तेथे तिचा पुतळाही उभा आहे.