खालच्या अर्ध्या वर्गासाठी

मंडळी, मी कला शाखेचा माणूस. बी.ए. मराठी माध्यमातून केलं आणि जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. भौतिकशास्त्रातलं मला काय कळणार? फारसं नाहीच. पण शिकवण्याचा इतिहास मात्र आवडीने वाचतो, आणि आजची गोष्ट त्यातलीच आहे.

१९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिका खडबडून जागी झाली. विज्ञानाचे अभ्यासक्रम नव्याने तपासले जाऊ लागले. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या नामांकित संस्थेतही हाच विचार चालू होता. तिथे मुलं यायची ती सापेक्षतावाद आणि क्वांटमची स्वप्नं घेऊन, आणि पहिली दोन वर्षं त्यांच्या वाट्याला यायचे उतरत्या फळीवरून घसरणारे ठोकळे! निम्मा उत्साह तिथेच मावळायचा.

मॅथ्यू सँड्स या प्राध्यापकांनी सुचवलं की हा पहिल्या वर्षाचा वर्ग रिचर्ड फाइनमन यांनी घ्यावा. फाइनमननी विचारलं, आजवर कुणा मोठ्या शास्त्रज्ञाने पहिल्या वर्षाच्या मुलांना असं शिकवलं आहे का? सँड्स म्हणाले, नसावं. मग मी शिकवतो, म्हणाले! आपल्याकडे हा वर्ग किती वेळा तासिका तत्त्वावरच्या नवख्या माणसाच्या गळ्यात पडतो, ते आठवून पाहा.

१९६१ ते १९६३ अशी दोन वर्षं, आठवड्याला दोन व्याख्यानं, समोर सुमारे १८० मुलं. (सगळे मुलगेच. मुलींना तिथे पदवीच्या वर्गात प्रवेश मिळाला तो १९७० साली.) रॉबर्ट लेटन आणि सँड्स यांनी ही व्याख्यानं संपादित केली आणि त्यांचे तीन जाडजूड खंड निघाले. १९६५ साली फाइनमनना नोबेल मिळालं. ते खंड आज जगभर वाचले जातात, इंटरनेटवर फुकटही मिळतात.

गंमत पुढेच आहे. या खंडांच्या प्रस्तावनेत खुद्द फाइनमननी लिहून ठेवलंय की बहुसंख्य मुलांच्या दृष्टीने आपण फार यशस्वी झालो असं वाटत नाही. मुलांना किती कळतंय हे व्याख्यात्यापर्यंत पोचायची सोयच नव्हती, आणि खरं शिकवणं शिक्षक आणि विद्यार्थी समोरासमोर असतील तेव्हाच होतं, असंही ते म्हणतात. चौथीच्या बाईंना हे आधीच ठाऊक असतं, पण नोबेलवाल्याने म्हटल्यावर बरं वाटतं!

मला मात्र त्यांची वेगळीच व्याख्यानं सर्वात मोलाची वाटतात. ही उजळणीची व्याख्यानं मूळ तीन खंडांत नव्हतीच, चाळीसएक वर्षांनी छापली गेली. ती होती मागे पडलेल्या मुलांसाठी. फाइनमननी त्यांना सांगितलं ते साधारण असं : तुम्ही सगळे आपापल्या शाळेत पहिले. आता सगळे पहिले एकाच वर्गात बसल्यावर निम्मे सरासरीच्या खाली जाणारच. हे गणित आहे, तुमचा कमीपणा नव्हे. आणि एवढं सांगून त्यांनी अगदी पायापासून उजळणी सुरू केली.

हे वाचताना मला आमची मुलं दिसत होती. १९७५ साली दहावीची पहिली तुकडी बाहेर पडली आणि पुढे अकरावी-बारावीचा नवा उंबरठा आला. आमच्या शाळेतला पहिला नंबर शहरात अकरावी सायन्सला जायचा. मराठीत शिकलेलं ‘त्वरण’ तिथे एका रात्रीत ‘ॲक्सिलरेशन’ व्हायचं. दिवाळीच्या सुट्टीत एक मुलगा भेटायला आला आणि मान खाली घालून म्हणाला, "सर, मला येतं, पण इंग्रजीत येत नाही." शाळेत बोट वर करून थकत नसे तो! वर्षअखेर त्याने सायन्स सोडलं. त्याला वाटलं, आपल्यालाच डोकं नाही. त्याच्या कॉलेजात ते निम्म्याचं गणित त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

असो. तुमच्या घरात कुणी नातू, भाची यंदा अकरावीला किंवा एफ.वाय.ला गेली असेल, तर पहिल्या चाचणीचे मार्क विचारण्याआधी तेवढं गणित तिला सांगा. मार्क काय, नंतरही विचारता येतात.